संकटकाळातले साक्षरता वर्ग : सीमाभागातल्या स्वयंसेवकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या तालुक्यांत प्रौढांच्या वर्गांना मदत करणारी मंडळी फिरून फिरून जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. पुराच्या दिवसांत आणि उसाच्या हंगामात हे प्रश्न जास्त येतात. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एका उत्तराची दुसऱ्याशी गाठ पडते तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. आता निरक्षर उरलंय कोण? आमच्या गावातली सगळी पोरं शाळेत जातात.

पोरं जातात, त्यांच्या आज्ज्या आणि काही ठिकाणी आयाही मागे राहिल्या आहेत. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची साक्षरता ७३.४८ टक्के होती आणि बायकांचा आकडा त्याहून बराच खाली, ६५ च्याही आत. पुढची जनगणना २०२१ ला व्हायची ती झालीच नाही, त्यामुळे अजून त्याच आकड्यावर कारभार चालतो. शिवाय दुसरी-तिसरीपर्यंत शाळा पाहिलेली आणि पुढे सगळं विसरलेली माणसं कुठल्याच यादीत दिसत नाहीत.

गावात फिरताना "वाचता येतं का?" असं तोंडावर विचारू नका. बहुतेक जण "येतंय की" म्हणून मोकळे होतात. रेशनकार्ड काढायला सांगा आणि "यात तुमचं नाव कुठं आहे ओ?" असं सहज विचारा. "चष्मा घरात राहिला" असं उत्तर आलं, तर नाव लिहून घ्या. चष्म्याची गोष्ट खरीही असू शकते, त्यासाठी प्रश्न १२ पाहा.

२. स्वयंसेवक व्हायला शिक्षण किती लागतं? डी.एड. झालेलं पाहिजे का?

नाही. स्वच्छ वाचता येणं, मोठं सुटं अक्षर काढता येणं आणि समोरच्याला ताटकळू देण्याची सवय, एवढं पुरतं. शिकलेले शिक्षक चांगलेच असतात, पण त्यांना पहिलीच्या पोरांची सवय असते. पन्नाशीच्या बाईला "शाब्बास" म्हणून गालाला हात लावलेला चालत नाही. अकरावी-बारावीच्या मुली हे काम उत्तम करतात. आपल्या आज्जीपासून सुरुवात केली तर फारच बरं.

३. मानधन मिळतं का?

नाही. केंद्राचा 'उल्लास' कार्यक्रमसुद्धा स्वयंसेवेवरच उभा आहे (प्रश्न १४). वही, पेन्सिल, खडू यांचा खर्च गावातल्या तरुण मंडळाकडून किंवा महिला मंडळाकडून निघतो. शिकणाऱ्यांकडून पैसे घेऊ नका, पाच रुपयेसुद्धा.

४. डोक्यावर छप्पर नाही, घरात चिखल आहे, अशा वेळी अक्षरं काय शिकवायची? लोक आम्हाला हसतील.

पहिल्या आठवड्यात शिकवायला गेलात तर हसतीलच, आणि बरोबर हसतील. त्या दिवसांत पाणी, कोरडे कपडे, औषधं, जनावरांचा चारा हीच कामं. वही-पेन्सिल घरी ठेवा आणि हाताला लागेल ते करा.

मात्र ऑगस्ट २०१९ च्या पुराने एक गोष्ट दाखवून दिली. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, सगळ्या एकदम फुगल्या होत्या. पाणी उतरलं आणि पंचनामे सुरू झाले. पडलेल्या घरांचे ए, बी, सी असे गट पाडले होते. पूर्ण पडलेल्या घराला सरकारने ५ लाख जाहीर केले होते, अंशतः पडझड झालेल्याला कमी. याद्या पंचायतीच्या भिंतीवर लागल्या. त्या यादीपुढे उभी राहिलेली माणसं आठवून बघा. आपलं नाव आहे की नाही, असेल तर कुठल्या गटात पडलंय, हे विचारायला प्रत्येकाला दुसऱ्याचं तोंड बघावं लागत होतं. घर पाण्यात गेलं ते गेलंच, पण ते कुणाच्या नावावर किती गेलं हेही दुसऱ्यानेच सांगायचं.

वर्गाला जागा मिळते ती इथे. काळजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या तात्पुरत्या निवाऱ्यात, चौथ्या-पाचव्या दिवशी लोकांना रिकामा वेळ असतो, आणि तो रिकामा वेळच खायला उठतो. तेव्हा "चला, यादीत आपलं नाव शोधायला शिकू" म्हटलं की हसणारे गप्प होतात. पाटी नसली तर शाळेच्या फळ्यावर खडूने प्रत्येकाचं नाव लिहा. आपलं नाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, गाव, घर नंबर, एवढ्यावर तो आठवडा निघतो. केंद्र बंद होऊन लोक घरी परतले की वर्ग त्यांच्या गल्लीत न्या. तिथे तो नेला नाही तर केंद्रातली मेहनत वाया जाते.

५. लोक शिकायला येत नाहीत, "अर्ज तेवढा भरून द्या" म्हणतात. द्यायचा का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. मुदत उद्या संपत असेल तर मुकाट्याने भरून द्या. त्या दिवशी तत्त्व सांगत बसणं म्हणजे माणसाच्या पोटावर पाय देणं.

बाकीच्या दिवशी मात्र आमचा एक रिवाज आहे, तो सगळ्यांनी पाळावा असं वाटतं. अर्जातल्या तीन जागा ज्याच्या त्यानेच भरायच्या : स्वतःचं नाव, रक्कम आणि तारीख. हात थरथरतो, रेघेबाहेर जातो, जाऊ द्या. आधी कच्च्या कागदावर गिरवून घ्या, मग अर्जावर. उरलेली प्रत्येक ओळ तुम्ही मोठ्याने वाचा आणि "म्हणजे काय?" असं त्यांनाच विचारा. अर्ज कन्नडमध्ये असेल तर ओळीखाली पेन्सिलीने मराठीत अर्थ लिहा.

वेळ तिप्पट लागतो. पाच अर्जांच्या जागी दोनच होतात आणि रांगेतली माणसं कुरकुरतात. पण ज्या गावात स्वयंसेवक नुसतेच अर्ज भरत बसले, तिथे वर्ग कधी उभाच राहिला नाही. पुढच्या वर्षी तीच माणसं तोच अर्ज घेऊन त्याच पोराला शोधत होती, आणि तो पोरगा पुण्याला नोकरीला गेलेला. 'ग्राम वन' या सरकारी सेवा केंद्रात पैसे देऊन अर्ज भरून मिळतात. आपण फुकटचं दुसरं केंद्र उघडून उपयोग नाही.

६. सुरुवात बाराखडीने करायची ना?

आम्ही करत नाही. 'अ अननसाचा' म्हटलं की मोठी माणसं लाजतात, आणि महिनाभर बाराखडी घोकूनही एक शब्द वाचता येत नाही. सुरुवात नावापासून करा. 'कमल' नावाच्या बाईला पहिल्याच दिवशी तीन अक्षरं मिळतात. त्यांतून कम, मल, कल असे तुकडे ती स्वतः पाडते. मग न, र, ग, घ, व, ळ घाला : घर, नळ, वर, नगर, कमळ. बिनमात्रेच्या शब्दांवर दोन-तीन आठवडे सहज निघतात. काना तोंडी सवयीने लवकर येतो. वेलांटी आणि उकार यांची घाई करू नका, ऱ्हस्व-दीर्घाची तर अजिबातच नको. 'पाणी'ला पहिली वेलांटी दिली म्हणून कुणाची तहान अडत नाही.

'रुक्मिणी', 'लक्ष्मी', 'कृष्णा' अशी जोडाक्षरांची नावं असली तर? ती आधी चित्रासारखी पाठ करून घ्या, फोड नंतर. 'लक्ष्मी' तर तीन महिन्यांनी फोडली तरी बिघडत नाही.

पेन्सिल धरायला बोटांना सवय नसते. भाकरी थापणारे, भांगलण करणारे हात पेन्सिल मुठीत आवळतात आणि कागद फाटतो. पहिले काही दिवस परातीत रवा किंवा पीठ पसरून बोटाने लिहू द्या. रांगोळी घालणाऱ्या बायकांना तर ठिपके देऊन अक्षरं काढायला सांगा, त्या तुमच्यापेक्षा सुबक काढतील.

७. मराठी शिकवायचं की कन्नड?

आधी जी बोली घरात चालते ती. वाचन म्हणजे काय हे एकदाच समजावं लागतं, आणि ते ओळखीच्या शब्दांवरच समजतं. ज्या शब्दाचा अर्थ ठाऊक नाही त्याची अक्षरं जुळवून हाती काही लागत नाही. मूल असो की म्हातारा, हे सारखंच. राज्यघटनेच्या ३५०अ कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं असं म्हटलं आहे, त्यामागे हीच गोष्ट आहे.

पण मराठीवर थांबूही नका. इथे राहणाऱ्याला सातबाऱ्याऐवजी पहाणी मिळते, रेशन दुकानाचा फलक, दवाखान्याची चिठ्ठी, बसची पाटी हे सगळं कन्नडमध्ये. जून २०२३ मध्ये 'शक्ती' योजना आली आणि बायकांना राज्यात सरकारी बस फुकट झाली. तेव्हापासून वर्गात कन्नड पाट्यांची मागणी बायकांकडूनच येते. निपाणी स्टँडवर उभं राहून बघा. एक गाडी महाराष्ट्राची, तिच्यात मार्च २०२३ पासून बायकांना महाराष्ट्राच्या हद्दीतल्या प्रवासाला अर्धं तिकीट. दुसरी कर्नाटकाची, राज्यातल्या राज्यात जाणारी, तिच्यात ओळखपत्र दाखवून फुकट. तिसरीही कर्नाटकाचीच, पण कोल्हापूरला जाणारी, तिच्यात 'शक्ती' चालत नाही. पाटी वाचता येणं म्हणजे तिकिटाचे पैसे वाचणं, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

घरात कन्नड किंवा लंबाणी बोलणारी माणसं वर्गाला आली तर त्यांना मराठीत बसवू नका. कन्नड येणारा सोबती शोधा.

८. मलाच कन्नड वाचता येत नाही. मी काय शिकवणार?

आकड्यांपासून त्यांच्याबरोबर शिका. कन्नड शून्य आपल्यासारखंच. दोन, तीन, चार बघताक्षणी ओळखू येतात. घोळ होतो तो सहा, सात आणि नऊमध्ये. हे तीन आकडे मोठे काढून भिंतीवर शेजारी शेजारी लावा आणि रोज येता-जाता विचारा. त्यानंतर रोजच्या प्रवासातल्या सात-आठ गावांच्या पाट्या : बेळगावी, चिकोडी, हुक्केरी, संकेश्वर, गोकाक, खानापूर. पाटीचा फोटो काढून आणा, कागदावर छापा आणि पत्त्यांसारख्या चिठ्ठ्या वाटा. या टप्प्यावर अख्खी वर्णमाला लागत नाही. आठवीतली मराठी माध्यमाची पोरंही कन्नड शिकलेली असतात, त्यांना आठवड्यातून एकदा बोलवा.

९. निपाणीकडच्या विडी कामगार बायका म्हणतात, हात रिकामा नाही. त्यांना कसं बसवायचं?

बसवू नका, त्या आधीच बसलेल्या आहेत. मांडीवर सूप, सुपात पानं आणि जर्दा, बोटं चालूच. मजुरी हजार विड्यांमागे ठरते, अर्धा तास हात थांबला की तेवढ्या विड्या कमी. म्हणून डोळे आणि कान तेवढे मागायचे. समोरच्या भिंतीवर फळा टेकवा, दिवसाला एकच शब्द मोठा लिहा आणि गप्पा मारत मारत त्याची अक्षरं फोडा. लिहिणं संध्याकाळी, माल देऊन आल्यावर, दहा मिनिटं.

यांना अक्षरांच्या आधी हिशेब हवा असतो. बायका तोंडी हिशेबात कच्च्या नाहीत. २५ ची जुडी धरली तर हजाराला ४० जुड्या, हे त्या झोपेतही सांगतील. अडतं ते पासबुकात काय लिहिलंय तिथे. कारखान्यात विड्या तपासताना 'छाट' काढतात, म्हणजे खराब म्हणून बाजूला टाकतात. छाट किती निघाली, किती मांडली, हजेरी किती लागली, हे त्या छोट्या वहीत असतं, आणि पुढे भविष्य निर्वाह निधीचा दावा करायचा झाला तर कामाच्या नोंदी लागतातच. वर्गात खोट्या पासबुकाची पानं आखून घ्या. तारीख, दिलेलं पान, आणलेल्या विड्या, छाट, बाकी, हे रकाने त्यांनी स्वतः भरायचे. मग आपलं खरं पासबुक उघडून शेजारी ठेवायचं. महिनाभरात "छाट येवढी कशी लिवलीसा?" असं विचारणारी एखादी निघतेच. तिने तसं विचारल्यावर तिला काम कमी मिळू नये म्हणून पाच-सात जणींनी मिळून विचारावं. ही काळजी वर्गातच घ्या.

१०. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीनंतर येतात आणि उन्हाळ्यात जातात. एवढ्यात काय शिकणार?

पूर्ण साक्षर होणार नाहीत. आकडे आणि सही-नाव एवढं नक्की होतं, आणि त्यांना तेच सगळ्यात उपयोगी. मुकादमाकडून घेतलेली उचल, भरलेल्या गाडीच्या वजनकाट्याची पावती, टनाचा दर, वसुली, सगळा खेळ आकड्यांचा. पहाटे तोड, रात्री भरणी, म्हणजे ठरलेली वेळ चालत नाही. गाडी भरायची वाट बघत फडात बसलेले असतात तो वेळ धरा. पावत्या जपायला एक प्लास्टिकची पिशवी द्या आणि प्रत्येक पावतीवरचे टन वहीत उतरवायला शिकवा. मुकादमाशी भांडण लावून देऊ नका. हंगाम संपल्यावर त्यांना त्याच्याच गाडीतून घरी जायचं असतं.

टोळीबरोबर आलेल्या मुलांचं वेगळं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे जवळच्या शाळेने त्यांना वयाप्रमाणे वर्गात घ्यायला हवं, आणि दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. मुख्याध्यापकांना भेटताना हे नम्रपणे पण स्पष्ट सांगा. बीडकडची मुलं मराठी बोलतात, विजयपूर-बागलकोटकडची कन्नड, तेव्हा शाळा त्याप्रमाणे बघा. ही जबाबदारी वर्गाच्या गळ्यात घेऊ नका, प्रौढांचा वर्ग म्हणजे शाळा नव्हे.

११. खानापूरच्या जंगलातल्या गावांत पावसाळ्यात जाताच येत नाही. वर्ग बंद ठेवायचा?

हो, ठेवा. कणकुंबी-जांबोटी भागात जुलैचा पाऊस म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. ओढे भरले की वाटा तुटतात, वीज दिवसेंदिवस नसते, आणि रोपलावणीच्या दिवसांत कुणाला अक्षर दिसतही नाही. सुट्टी आधीच जाहीर करा आणि वर्ग उघडण्याचा दिवस गणेशोत्सवानंतरचा ठरवून सांगा. मध्ये विसरू नये म्हणून भिंतीवरचं मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर द्या. रोज एका चौकटीत एकच शब्द लिहायचा : पाऊस, ऊन, लावण, बाजार. वाडीतच वाचता येणारी एखादी सून असेल तर तिला जोडीला घ्या, खरा वर्ग तीच टिकवते.

१२. आज्जी म्हणतात, "आता लाकडं मसणात गेली, शिकून काय करू?" शिवाय चार महिने झाले, त्यांना अक्षर ओळखताच येत नाही.

पहिल्याचं उत्तर देत बसू नका, नातवाचं नाव लिहून दाखवा. दुसऱ्यासाठी मात्र आधी डोळे तपासा. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतंच, आणि शिवण, विडी, निवडणं-टिपणं करणाऱ्या बायका ते अंदाजाने चालवून नेतात. सुईत दोरा ओवायला सांगा, लगेच कळतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा नेत्र शिबिरात पाठवा. मोतीबिंदू असेल तर आधी ऑपरेशन, मग अक्षरं. "हिच्या डोक्यात शिरतच नाही" असं ज्यांच्याबद्दल ऐकतो, त्यांतल्या कित्येकींना नुसतं दिसत नसतं.

१३. पुरुष का येत नाहीत?

लाजेने. बायकोसमोर चुकायचं नसतं. त्यांचा वर्ग वेगळा घ्या, आणि त्याला वर्ग म्हणू नका. संध्याकाळी दूध डेअरीवर रांग असते, तिथल्या चिठ्ठीवर लिटर, फॅट आणि दर हे तीन आकडे असतात. तिथून सुरुवात होते.

१४. 'उल्लास'ची परीक्षा काय असते? नापास झाले तर?

'उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रम' हा केंद्राचा २०२२ ते २०२७ या काळासाठीचा कार्यक्रम आहे, १५ वर्षांवरच्या निरक्षरांसाठी. शिकणाऱ्यांची आणि स्वयंसेवकांची नोंदणी ॲपवर होते. चाचणी १५० गुणांची, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५०. प्रत्येक भागात ३३ टक्के पडले की प्रमाणपत्र. नाही पडले तर पुढच्या वेळी पुन्हा बसता येतं, नापासाचा शिक्का कुठे लागत नाही. परीक्षा कुठल्या भाषेतून द्यायची ते नोंदणीच्या वेळीच बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयात विचारून पक्कं करा.

परीक्षा द्यायलाच हवी असं नाही. काहींना कागदाची हौस असते आणि ती मोठी असते, घरात फ्रेम करून लावतात. काहींना परीक्षा म्हटलं की ताप येतो. दोघांनाही त्यांच्या मनासारखं करू द्या. आकडा भरायचा म्हणून साक्षर माणसांची नावं घुसडू नका.

१५. सही करता आली म्हणजे झालं ना?

झालं नाही, आणि नुसती सही आली तर धोका वाढतो. अंगठा मारणाऱ्याला निदान कुणीतरी "कशावर मारताय?" असं विचारतं. सही करणाऱ्या बाईने वाचलेलं आहे असं सगळे धरून चालतात. मायक्रो फायनान्सच्या वसुलीचा जाच इतका वाढला की फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला वटहुकूम काढावा लागला. त्या कर्जांच्या कागदांवर सह्या आहेत, वाचलं किती जणींनी असेल ते सांगायला नको. गटकर्जात तर एकीने सही केली की दुसरीचा हप्ता तिच्या मानेवर येतो. म्हणून सहीच्या जोडीने चार शब्द शिकवायचे : कर्ज, व्याज, हप्ता, जामीन. हे शब्द दिसले की हात आखडायचा आणि दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं.

एक अडचण नेहमी येते. बँकेत खातं अंगठ्यावर उघडलेलं असतं. सही आली म्हणून बाई उत्साहाने स्लिपवर सही करते आणि स्लिप परत येते. आधी ओळखपत्र घेऊन शाखेत जायचं, नमुना सही बदलायचा अर्ज द्यायचा, ती नोंद झाल्यावरच सही चालते. सही साधी आणि दर वेळी सारखी येईल अशी ठरवा. नक्षीदार नको.

१६. मावशी म्हणतात, "तूच मोबाईल बघ, गृहलक्ष्मीचे आले काय सांग." ओटीपीही मलाच सांगतात.

ऑगस्ट २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २००० रुपये बायकांच्या खात्यात येतात, त्यामुळे मेसेज वाचणं हा वर्गाचा आवडता धडा आहे. मेसेज इंग्रजीत असला तरी रक्कम आणि तारीख ओळखता येते, तेवढं शिकवा. ओटीपी, पिन, आधारचा फोटो, यांतलं काहीही स्वयंसेवकाने स्वतःच्या मोबाईलवर घ्यायचं नाही. तुम्ही कितीही प्रामाणिक असा. उद्या कुणाचे पैसे गेले तर पहिलं बोट तुमच्याकडे येईल, आणि "ओटीपी सांगायचा असतो" ही सवय आपणच लावलेली असेल. जामीनदार किंवा साक्षीदार म्हणूनही सही करू नका.

१७. शाळेची खोली मिळते का? परवानगी कुणाची?

शाळेसाठी मुख्याध्यापक आणि एसडीएमसी (शाळेची विकास व देखरेख समिती), समुदाय भवनासाठी पंचायतीचे पीडीओ (पंचायत विकास अधिकारी). दोन्ही लेखी घ्या. देवळाच्या सभामंडपाला परवानगी सोपी, पण गावातली सगळी माणसं तिथे मोकळेपणाने येतात का, हे आधी बघा. येत नसतील तर ती जागा सोडा.

१८. १ नोव्हेंबरला काय करायचं? दोन्ही बाजूंची मंडळी वर्गात येऊन बोलायचं म्हणतात.

त्या दिवशी वर्ग ठेवू नका. एका घरात कर्नाटक स्थापनेचा राज्योत्सव, शेजारी मराठी सीमावासीयांचा काळा दिन. ज्याला त्याला आपापल्या मताप्रमाणे जाऊ द्या. वर्गात कुठल्याही बाजूचा बॅनर, झेंडा किंवा पुढारी नको, निवडणुकीच्या महिन्यात तर वह्यांवर कुणाचा फोटोही नको. सीमाप्रश्नावर आमची स्वतःची मतं ठाम आहेत. ती वर्गाबाहेर.

१९. पुन्हा कोरोनासारखं सगळं बंद झालं तर?

२०२० च्या ऑगस्टमध्ये कर्नाटकात 'विद्यागम' सुरू झालं होतं, शिक्षक गल्लीत, देवळाच्या ओट्यावर लहान गट घेऊन शिकवायचे. ऑक्टोबरात ते थांबवावं लागलं. प्रौढांसाठी त्याहून लहान गट करा, शेजारच्या दोघी आणि मध्ये एक वही. फोनवर अक्षर दाखवता येत नाही, पण वाचून घेता येतं : "पिठाच्या पिशवीवर काय लिवलंय, वाचा बघू." व्हिडिओ वर्गांचा आमच्याकडे फारसा उपयोग झाला नाही. फोन नवऱ्याचा किंवा पोराचा असतो.

२०. वर्गातल्या एकीचा नवरा वारला. बोलवायला कधी जायचं?

दिवस होईपर्यंत फक्त भेटायला जा, वर्गाचं नाव काढू नका. त्यानंतर तिच्यापुढे मृत्यूचा दाखला, वारसाची नोंद, विधवा पेन्शन, बँक असा कागदांचा ढीग येतो. तिथे प्रश्न ५ मधला रिवाज पाळत बरोबर बसा. वर्गाला यायचं की नाही हे ती ठरवील. काही ठिकाणी वर्षभर घराबाहेर पडू देत नाहीत. मग दोघी-तिघींनी वह्या घेऊन तिच्याच पडवीत बसावं.

२१. वाचायला येऊ लागलं, आता वाचायला द्यायचं काय?

हा प्रश्न उशिरा सुचतो, आणि तोवर निम्मी अक्षरं पुसलेली असतात. रोज वर्तमानपत्राचा मथळा, तोही मोठ्या टायपातला. पंचायतीच्या अरिवु केंद्रात (ग्रंथालयात) मराठी पुस्तकं नसतील तर लेखी मागणी करा, एकाने तोंडी सांगून होत नाही. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४८ ची आहे. शहरात जाणं होतं त्यांनी तिथे जरूर डोकवावं. थंडीत कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी या गावांत साहित्य संमेलनं भरतात. ग्रंथदिंडीत नऊवारी नेसून चालणाऱ्या बायकांपैकी किती जणींना पालखीतलं पुस्तक उघडून वाचता येतं, हे आयोजकांनी एकदा मोजावं असं आम्हाला वाटतं. संमेलनात पुस्तकांचे स्टॉल असतात, तिथे वर्गाला घेऊन जा आणि प्रत्येकीला स्वतः निवडू द्या. बहुतेक जणी आरत्या-अभंगांची पातळ पुस्तकं उचलतात, कारण शब्द आधीच पाठ असतात. उत्तम आहे. पाठ असलेलं वाचतानाच वाचनाला वेग येतो.

२२. आमचा वर्ग पुराच्या वेळी बंद पडला तो पडलाच. पुन्हा सुरू करायचा तर कुठून?

जुनी हजेरी काढा आणि सर्वात नियमित येणाऱ्या दोघींच्या घरी जा. सगळ्या गावाला बोलवायची सभा घेऊ नका, सभेला येणारे वर्गाला येत नाहीत. त्या दोघींना घेऊन त्यांच्याच सोप्यात बसा. मागचं किती आठवतं ते तपासायला परीक्षा नको, पहिल्या दिवसाचे शब्द पुन्हा लिहा आणि त्यांना वाचू द्या. दोन-तीन आठवड्यांत विसरलेलं बरंच परत येतं. आधीच्या वह्या पुरात गेल्या असतील तर नव्या द्या आणि पहिल्या पानावर नाव त्यांनाच घालू द्या. वेळ त्यांना विचारून ठरवा. पुरानंतर कित्येक घरांची कामं बदलतात, पूर्वीची रात्री आठची वेळ आता जमेलच असं नाही.